स्कोप खाली कधी ठेवायचा? अवघड एअरवे आणि रात्रीची कॅज्युअल्टी

मागच्या पावसात रात्री अडीचला एका ज्युनिअरचा फोन आला, पेशंटच्या श्वासनळीत ट्यूब टाकत होता. "मॅडम, ट्यूब जात नाहीये, चार वेळा बघितलं, आता काय करू?" मी विचारलं सॅच्युरेशन किती, म्हणाला ९१. बॅग मारल्यावर छाती वर येतेय का, म्हणाला हो, येतेय की. मग अरे बाबा, छाती वर येतेय तर चार वेळा कशाला बघत बसलास, बॅग मारत रहा, मी निघाले. पोचले तोवर त्याने पाचव्यांदा बघितलं होतं, तोंडात रक्त, एपिग्लॉटिस (श्वासनळीवरची झडप) सुजलेला, आणि जो मास्क आधी मस्त चालत होता तो आता चालेना. शेवटी आय-जेलवर (श्वासनळीत न जाता तिच्या तोंडाशी घशात बसणारी मऊ नळी) निभावलं, पेशंट वाचला, पण त्या रात्रीपासून हे लिहायचं डोक्यात होतं. ट्यूब टाकायची कशी ते सगळेच शिकवतात. स्कोप, म्हणजे घशात बघायचा लॅरिंगोस्कोप, खाली कधी ठेवायचा ते फारसं कोणी शिकवत नाही, आणि घोळ होतो तो बहुतेक तिथेच.

तर हे आहे कॅज्युअल्टीत, छोट्या हॉस्पिटलात, नर्सिंग होममध्ये रात्रीची ड्युटी करणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी आणि सिस्टर लोकांसाठी. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हाक मारली की कोणीतरी सिनिअर येतो, ईएनटीवाले येतात. वाळपईला, काणकोणला, पेडण्याला तुम्ही, एक सिस्टर, एक अटेंडंट आणि बाहेर उभी १०८. हे वाचून हात बसणार नाही हे आधीच सांगते, हात मॅनिकिनवर आणि ओटीत सिनिअरच्या शेजारी उभं राहूनच बसतो. पण डोक्यातला क्रम वाचून बसू शकतो.

आधी एक गोष्ट. अवघड एअरवे, म्हणजे श्वासाची अवघड वाट, म्हटलं की सगळे फक्त ट्यूब अवघड जाणार का एवढंच बघतात. खरं तर प्रश्न चार आहेत आणि ते वेगवेगळे आहेत: मास्क बसेल का, आय-जेल किंवा एलएमए (तसाच घशात बसणारा मास्क) बसेल का, स्कोपने कॉर्ड (स्वरतंतू) दिसतील का, आणि वेळ आलीच तर गळ्यातून जाता येईल का. चारपैकी एक अवघड असेल तर चालतं, दोन असतील तर घाम फुटतो, चारही अवघड दिसत असतील तर पेशंटला झोपवायचंच नाही, जागेपणी काय करता येईल ते बघायचं आणि मोठ्या ठिकाणी फोन लावायचा.

बघायला अर्धा मिनिट लागतो. पेशंटची स्वतःची बोटं घ्या, तुमची नाही. तोंड उघडल्यावर तीन बोटं आत जातात का, हनुवटीपासून हायॉइड हाडापर्यंत तीन बोटं बसतात का, हायॉइडपासून थायरॉइडच्या (ग्रंथी नव्हे, घाटीची कूर्चा) खाचेपर्यंत दोन. मान हलते का. जीभ बाहेर काढायला लावून आत किती दिसतं ते मॅलमपाटी, हे मॅलमपाटी म्हणजे आपले आंध्रचेच डॉक्टर, बॉस्टनला असताना १९८५ मध्ये त्यांनी ते मांडलं. पण कॅज्युअल्टीतला अर्धवट शुद्धीतला पेशंट सरळ बसून आ करेल अशी आशा ठेवू नका. मास्कसाठी बघायचं ते वेगळं: दाढी, दात नसणं, लठ्ठपणा, घोरण्याची सवय, वय ५५ च्या पुढे. दाढीला जेली फासा, सील बरं होतं. आजोबांची कवळी मास्कच्या वेळी तोंडात राहू द्या, गाल आत जात नाहीत, स्कोप घालताना काढा, आणि काढलेली कवळी कोणाच्या तरी हातात द्या, बेडवर ठेवू नका, ती हरवते आणि मग तीन दिवस भांडण चालतं.

आपल्याकडे एक खास त्रास म्हणजे गुटखा. ट्रकवाले, बांधकामावरचे मजूर, कधी कधी पंचविशीतली पोरं, बाहेरून बघाल तर धडधाकट, मान सडपातळ, दाढी नाही, आणि तोंड उघडा म्हटलं की दीड बोट. सबम्युकस फायब्रोसिस. इथे स्कोलिन (स्नायू सैल करणारं औषध) दिलं तरी जबडा सैल पडत नाही कारण तो स्नायूंनी आवळलेला नाही, आतलं अस्तरच दोरीसारखं झालंय. त्यामुळे औषध द्यायच्या आधी तोंड उघडून बघितलंच पाहिजे, पेशंट बेशुद्ध असला तरी हाताने जबडा खाली ओढून बघा. मी एकदा हे बघितलं नव्हतं. त्यानंतर एकदाही चुकवलेलं नाही.

एवढं बघूनही अंदाज चुकतोच. डेन्मार्कमधल्या १ लाख ८८ हजार पेशंटांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात जी इन्ट्युबेशन (ट्यूब टाकणं) अवघड निघाली त्यातली ९३ टक्के आधी कोणाला ओळखताच आली नव्हती. म्हणजे तपासायचं नाही असं नाही. तपासून सगळं सोपं वाटलं तरी तयारी अवघडची करायची.

तयारीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पोझिशन. कानाचं भोक आणि छातीच्या हाडाचं वरचं टोक एका आडव्या रेषेत आलं पाहिजे. बारीक माणसाला एक उशी पुरते. लठ्ठ माणसाला खांद्याखालून चढण करावी लागते, त्यासाठी स्पेशल उशी नाही म्हणून अडून बसू नका, चादरी घड्या घालून घाला, ब्लँकेट घाला, बेडचा डोक्याकडचा भाग वर करा. बाजूला उभं राहून बघा रेष जुळते का, डोक्याकडून ते दिसत नाही. या दोन मिनिटांनी जेवढी ट्यूब सोपी होते तेवढी महागड्या स्कोपनेही होत नाही असं माझं मत आहे, व्हिडिओ स्कोपवाले रागावतील, रागावू दे. असेल व्हिडिओ स्कोप तर पहिल्याच वेळी वापरा, फसल्यावर शेवटी काढायची ती वस्तू नाही, रक्त आणि लाळेने कॅमेरा भरला की त्याचा काही उपयोग नसतो.

मग ऑक्सिजन. घट्ट मास्क, तीन मिनिटं, सरळ बसूनच किंवा डोकं वर करून. आणि नाकाला वेगळी नळी लावून ठेवा, जागेपणी थोडा कमी फ्लो, झोपला की १५ लिटर, आणि स्कोप घालताना ती नळी काढायची नाही. श्वास बंद असतानाही त्यातून ऑक्सिजन आत जात राहतो. तब्येतीने चांगल्या माणसाला नीट ऑक्सिजन भरलेला असेल तर सॅच्युरेशन पडायला सात-आठ मिनिटं मिळतात, लठ्ठ माणसाला तीन मिळाली तरी नशीब, गरोदर बाई, न्यूमोनियावाला, लहान मूल यांना त्याहून कमी. आणि ९० च्या खाली गेलं की हळूहळू उतरत नाही, दगड पडल्यासारखं पडतं. वर बोटावरचा प्रोब जे दाखवतो ते अर्ध्या मिनिटापूर्वीचं असतं, हात गार असतील तर त्याहूनही जुनं. म्हणजे स्क्रीनवर ८८ दिसतंय तेव्हा पेशंट आधीच त्याच्या पुढे गेलेला असतो.

सेंट्रल लाइन नसेल तिथे सिलिंडरचा हिशोब एकदा बसून करा. बी टाइप भरलेला सिलिंडर म्हणजे साधारण १५०० लिटर. मास्कला १५ आणि नाकाला १५ असे मिनिटाला ३० सोडले की ५० मिनिटांत रिकामा, आणि रात्रीच्या ड्युटीला तुम्हाला मिळतो तो कधीच पूर्ण भरलेला नसतो. गेज बघा, दुसरा सिलिंडर कुठे आहे बघा, आणि त्याची चावी कुठे आहे ते तर नक्कीच बघा, कारण चावी कायम दुसऱ्या वॉर्डात गेलेली असते.

सक्शन चालू करून, टोक उशीखाली खोचून. आपल्याकडे शनिवारी रात्रीचा बाइकवाला म्हणजे पोटात फेणी, वर चिकन शागुती, आणि हेल्मेट नाही. पोट भरलेलं आहे असं धरूनच चालायचं. मानेला कॉलर असेल तर पुढचा भाग उघडा आणि एकाने दोन्ही हातांनी डोकं सरळ धरून ठेवायचं, कॉलर तशीच ठेवून स्कोप घालायला गेलात तर तोंडच उघडणार नाही. क्रायकॉइड (घाटीखालची कडी, पोटातलं वर येऊ नये म्हणून दाबतात) दाबायचं की नाही यावर भांडणं चालू आहेत, १९६१ मध्ये सेलिकने सांगितल्यापासून चालू आहेत, माझं म्हणणं एवढंच की दाबत असाल आणि दिसत नसेल तर पहिला तो हात काढा.

औषधं थोडक्यात. झोपवायला केटामिन किलोला १ ते २ मिलिग्रॅम, शॉकमध्ये असेल तर त्याच्या निम्मं. स्कोलिन किलोला दीड मिलिग्रॅम, किंवा रॉक्युरोनियम १.२. बीपी आधीच पडलेलं असेल तर आधी फ्लुइड, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन तयार, मग ट्यूब. ट्यूब छान गेली आणि त्याच मिनिटाला अरेस्ट आला (हृदय थांबलं) असं बघितलंय, त्याला एअरवे सुटला असं म्हणत नाहीत.

आता खरा भाग.

झोपवायच्या आधी प्लॅन मोठ्याने बोलायचा. मनात नाही, मोठ्याने, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी असं बोलते (ब्लेड म्हणजे स्कोपचं पातं, बूजी म्हणजे ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक काडी): "पहिल्यांदा तीन नंबर ब्लेड आणि बूजी. नाही गेली तर काहीतरी बदलून परत एकदा. तरी नाही तर आय-जेल चार नंबर. ते नाही बसलं तर दोन हातांनी मास्क. त्यानेही छाती वर आली नाही तर गळ्यातून जाणार, सामान त्या डब्यात आहे." मग सिस्टरला म्हणते, "सिस्टर, तुम्ही मोजायचं. स्कोप तोंडात गेला की एक. आणि सॅच्युरेशन उतरून ९५ झालं की मला सांगायचं, मी ओरडले तरी सांगायचं." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. स्कोप हातात असला की वेळेचं भान जातं, तीन मिनिटं तीस सेकंदांसारखी वाटतात, कॉर्ड आता दिसतीलच, अजून थोडं, अजून थोडं, असं चालतं. बाहेरून कोणीतरी मोजणारा लागतो, जसं पोहायला शिकताना काठावर कोणीतरी लागतं तसं.

असं का याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २००५ मध्ये एलेन ब्रॉमिली नावाची एक तरुण आई सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेली. झोपवल्यावर मास्क बसेना, एलएमए बसेना, आणि खोलीतले तीन अनुभवी डॉक्टर ट्यूब, ट्यूब, ट्यूब करत राहिले. एका नर्सने ट्रॅकिओस्टॉमीचा (गळ्यातून वाट करायचा) सेट आणून ठेवला, तसं सांगितलंही, दुसरीने आयसीयूत बेड सांगितला, पण डॉक्टरांचे चेहरे बघून तिला वाटलं आपण उगाच घाई केली, तिने तो रद्द केला. तेरा दिवसांनी एलेन गेली. तिचा नवरा मार्टिन पायलट, त्याने डॉक्टरांना शिव्या घालण्याऐवजी विमानात असं झालं तर आम्ही काय करतो ते सांगायला सुरुवात केली आणि २००७ मध्ये त्यासाठी एक संस्था उभी केली. मी हे दर वर्षी नव्या बॅचला सांगते आणि दर वर्षी सिस्टर लोकांकडे बघून सांगते, कारण त्या खोलीत खरं काय चाललंय ते नर्सना कळलेलं होतं. आपल्याकडे तर सिस्टरने डॉक्टरला थांबवायचं म्हणजे अजूनच अवघड. म्हणून परवानगी आधीच द्यायची.

गाइडलाइन बऱ्याच आहेत. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीची २०१५ ची, आपल्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनची २०१६ ची, अमेरिकेची २०२२ ची. भाषा वेगळी, आकृत्या वेगळ्या, पण गाभा एकच: ट्यूब, मग सुप्राग्लॉटिक (आय-जेल, एलएमए), मग मास्क, मग गळा, आणि एका पायरीवर रेंगाळायचं नाही. ब्रिटनवाले म्हणतात स्कोप जास्तीत जास्त तीनदा, आणि चौथ्यांदा फक्त तुमच्यापेक्षा अनुभवी माणूस आला तर. आपल्या भारतीय गाइडलाइनची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिने आकडा दिला, सॅच्युरेशन ९५ किंवा वर असेल तरच पुढचा प्रयत्न, नाहीतर मास्कवर परत. कॅज्युअल्टीत एकट्या नव्या डॉक्टरला मी सांगते, तुझ्यासाठी तीन नाही, दोन. तिसरा माझ्यासाठी ठेव.

आणि प्रत्येक प्रयत्नात काहीतरी बदललं पाहिजे. तोच ब्लेड, तीच पोझिशन, तोच माणूस, फक्त जोर जास्त, हा दुसरा प्रयत्न नव्हे, पहिलाच लांबवला. बदलायला भरपूर आहे: डोकं अजून वर उचलून बघा, ब्लेड मोठा घ्या, बाहेरून आपल्या उजव्या हाताने थायरॉइड मागे-वर-उजवीकडे दाबून बघा आणि जिथे दिसलं तिथे अटेंडंटचं बोट ठेवा. आणि बूजी. बूजी ही गरिबांची फायबर ऑप्टिक (लवचीक दुर्बीण) आहे. कॉर्ड दिसत नसतील, फक्त एपिग्लॉटिस दिसत असेल, तर वाकडं टोक वर करून त्याच्या मागून मधोमध सरकवा, ट्रेकियात (श्वासनळीत) गेली की कड्यांवरून टकटक टकटक लागतं आणि पुढे जाऊन कुठेतरी अडते. अन्ननलिकेत गेली तर लोण्यासारखी आत जातच राहते. मग ट्यूब तिच्यावरून घालताना स्कोप काढायचा नाही, नवे लोक हमखास काढतात. अडकली तर ट्यूब थोडी मागे घ्या, डावीकडे म्हणजे घड्याळाच्या उलट पाव वळसा द्या, जाते.

ट्यूब गेली असं वाटलं की कॅप्नोग्राफ, श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारा. स्टेथोस्कोप फसवतो, ट्यूबवरची वाफ फसवते, "मी कॉर्डमधून जाताना बघितली" हेसुद्धा फसवतं. सात श्वास नीट चौकोनी लाटा दिसल्या तर ट्यूब जागेवर. सपाट रेघ असेल तर ट्यूब चुकीच्या जागी आहे असंच धरायचं, अरेस्ट आहे म्हणून रेघ येत नाही असली कारणं द्यायची नाहीत, सीपीआर चालू असेल तर अरेस्टमध्येही लहान का होईना लाट येते. शंका असेल तर ट्यूब काढा आणि मास्क लावा. ब्रिटनमध्ये २०११ साली एअरवेच्या दुर्घटनांचं मोठं राष्ट्रीय ऑडिट आलं, त्यात आयसीयूमधल्या बहुतेक मृत्यूंमध्ये कॅप्नोग्राफ लावलेला नसणं किंवा नीट न वापरणं हे एक कारण निघालं. आपल्याकडे एका ठिकाणी भिंतीएवढा मॉनिटर घेतला होता, सगळे रंग होते त्यावर, फक्त कॅप्नोग्राफचं मॉड्यूल घेतलेलं नव्हतं. नंतर बघू म्हणाले.

दोनदा झालं, ट्यूब नाही गेली. आता स्कोप खाली ठेवा. अक्षरशः ट्रॉलीवर ठेवा, हातात असला की हात परत जातो. आय-जेल घ्या: ३ नंबर ३० ते ६० किलो, ४ नंबर ५० ते ९०, ५ नंबर ९० च्या वर. मागच्या बाजूला जेली, टाळूला घासत आत, अडेपर्यंत. बसला, छाती वर आली, कॅप्नोग्राफवर लाट आली, की थांबा. हे थांबणं गाइडलाइनमध्ये लिहिलेलंच आहे, थांबा आणि विचार करा असं. श्वास चाललाय, घाई संपलीय. ओटीत असाल तर पेशंटला उठवा आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी करा, सर्जन चिडेल, चिडू दे. कॅज्युअल्टीत उठवणं बहुतेक वेळा शक्य नसतं, मग आय-जेल नीट बांधून तसंच पुढे पाठवा. आय-जेलवर पेशंट बांबोळीला पाठवला म्हणजे आपला कमीपणा झाला असं वाटून पुन्हा ट्यूबच्या मागे लागणारे मी बघितलेत, आणि चालणारा एअरवे घालवून बसलेलेही. पोट भरलेला पेशंट असेल तर आय-जेलच्या बाजूच्या भोकातून रायल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) घाला.

आय-जेल दोनदा नाही बसलं, तर मास्क, पण आता एका हाताने नाही. दोन हातांनी, अंगठे मास्कवर आणि बाकीची बोटं जबड्याच्या कोनामागे, मास्क चेहऱ्यावर दाबायचा नाही, चेहरा मास्कमध्ये उचलायचा, दुसरा माणूस बॅग मारेल, अटेंडंटलाही मारता येते. तोंडात गुडेल, नाकात नेझल एअरवे (वाट उघडी ठेवणाऱ्या आखूड नळ्या), दोन्ही. स्नायू सैल नसतील तर रिलॅक्संट द्या, अर्धवट आवळलेल्या पेशंटवर मास्क चालत नाही.

आणि हेही चाललं नाही. ट्यूब नाही, आय-जेल नाही, मास्क नाही, सॅच्युरेशन घसरतंय. हे मोठ्याने बोलायचं: "ऑक्सिजन जात नाही, गळ्यातून जातेय." एकदा बोललं की मागे फिरणं नाही. ६० होईल, ५० होईल अशी वाट बघायची नाही, अजून एकदा स्कोप घालून बघायचं नाही. वर नाकातून-तोंडातून ऑक्सिजन मात्र दुसऱ्या कोणीतरी चालू ठेवायचा.

सामान तीनच: कापायचा १० नंबरचा ब्लेड (स्कोपचा नव्हे), बूजी, ६ नंबरची कफवाली ट्यूब. जाड सुई घालायचं जुने लोक सांगतील, पण त्या २०११ च्या ऑडिटमध्ये सुईवाले प्रयत्न साधारण ६० टक्के फसले होते. उजव्या हाताचे असाल तर पेशंटच्या डाव्या बाजूला उभे रहा. डाव्या हाताने घाटी पकडा, अंगठा आणि मधलं बोट दोन्ही बाजूंना, हात मिळवल्यासारखी, आणि पहिल्या बोटाने मधला मऊ खळगा शोधा, थायरॉइड आणि क्रायकॉइड यांच्या मधला. तिथे आडवा ब्लेड खुपसा, एकदाच, आत जाईपर्यंत. ब्लेड आतच ठेवून ९० अंश फिरवा, धार पेशंटच्या पायांकडे. आता ब्लेड डाव्या हातात घ्या आणि हलकेच स्वतःकडे ओढून धरा, फट उघडी राहते. बूजीचं टोक ब्लेडच्या पलीकडच्या कडेने आत सरकवा, ट्रेकियाच्या दिशेने वळवून १० ते १५ सेंटिमीटर आत. ब्लेड काढा, जेली लावलेली ट्यूब बूजीवरून फिरवत घाला, बूजी काढा, कफ फुगवा, कॅप्नोग्राफ. ट्यूब जास्त आत ढकलू नका, एकाच फुप्फुसात जाते.

मान जाड असेल, काही हाताला लागत नसेल, तर आधी मधोमध उभा छेद, ८ ते १० सेंटिमीटर, खालून वर, लाजायचं नाही, मग दोन्ही हातांच्या बोटांनी मांस बाजूला सारून घाटी शोधायची आणि मग वरचंच सगळं. रक्त येईल, काही दिसणार नाही, बोटांनी बघायचं. बायकांमध्ये घाटी वर दिसत नाही त्यामुळे खळगा भलतीकडेच शोधला जातो, म्हणूनच अवघड वाटणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या गळ्यावर झोपवायच्या आधी पेनाने खूण करून ठेवायची. लहान मुलांना हे असं करायचं नाही, त्यांचं वेगळं असतं, ते वेगळं शिकून घ्या.

हे तिन्ही सामान एका पारदर्शक पिशवीत, भिंतीवर, टेपने चिकटवलेलं, कपाटात कुलपात नाही. आणि सराव. मटणवाल्याला सांगून ठेवलं की तो बकऱ्याचं नरडं बाजूला काढून ठेवतो, आमचा म्हापशाचा आता न विचारता ठेवतो आणि विचारतो, दोतोर, आज कितें, परत परीक्षा? वर कापडाचा किंवा चामड्याचा तुकडा ताणून बसवला की झालं. वर्षातून दोनदा तरी करा, खऱ्या आयुष्यात कदाचित एकदाही लागणार नाही.

दोन प्रकारचे पेशंट मुद्दाम सांगते कारण ते इथे येतात आणि फसवतात. एक, दाढेच्या दुखण्यावर आठवडाभर गोळ्या खाल्लेला, हनुवटीखाली दगडासारखी सूज, जीभ वर उचललेली, लाळ गळतेय, पुढे वाकून बसलाय. लुडविग्ज अँजायना, हनुवटीखाली पसरलेला संसर्ग. बायको सांगते, ताका श्वास घेवंक जायना. हा जसा बसलाय तसाच बसू द्या. सीटी स्कॅनसाठी आडवा करू नका, शांत व्हावा म्हणून मिडॅझोलॅम तर देऊच नका, त्याचा एअरवे त्याच्या स्वतःच्या स्नायूंनी उघडा धरलाय. बसूनच ऑक्सिजन, शिरेतून अँटिबायोटिक, आणि जिथे फायबर ऑप्टिक आणि ईएनटी दोन्ही आहे तिथे फोन, बरोबर डॉक्टर जाणार, गळ्यावर खूण करून. दुसरा, जीभ-ओठ सुजलेला. कोलंबी खाऊन अर्ध्या तासात, अंगावर गांधी, बीपी पडलेलं, तर अ‍ॅनाफिलॅक्सिस, अ‍ॅड्रिनॅलिन अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, आधी हेच, बाकीची इंजेक्शनं नंतर. पण गांधी नाहीत, खाज नाही, नुसती जीभ हळूहळू फुगतेय आणि माणूस बीपीची रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेतोय, तर ती गोळीच कारण असू शकते, मग ती वर्षानुवर्षं चालू असली तरी, आणि यात अ‍ॅड्रिनॅलिन, एव्हिल, स्टेरॉइड यांचा फार उपयोग होत नाही. सूज वाढायच्या आत, जागेपणी, नाकातून फायबर ऑप्टिकने ट्यूब टाकणाऱ्याकडे पोचवा. उद्या सकाळपर्यंत बघू असं इथे चालत नाही.

पाठवताना ट्यूब किंवा आय-जेल घट्ट बांधा, किती सेंटिमीटरवर आहे ते पेपरवर आणि गालावरच्या टेपवरही लिहा, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवल्यावर परत कॅप्नोग्राफ बघा कारण ट्यूब निघते ती बेडवरून स्ट्रेचरवर घेताना. काणकोणहून बांबोळीपर्यंत किती वेळ लागेल तो धरून सिलिंडर घ्या आणि त्याच्या दुप्पट घ्या, आपल्या हायवेवर कधी काय अडेल सांगता येत नाही.

शेवटचं काम कोणी करत नाही, ते म्हणजे कागद. ज्याचा एअरवे अवघड निघाला त्याला ते लेखी द्या, साध्या शब्दांत: मास्क बसला की नाही, स्कोपने काय दिसलं, किती प्रयत्न झाले, शेवटी कशाने चाललं, कुठल्या नंबरची ट्यूब. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. नातेवाइकांना समजावून सांगा की पुढे हर्नियाचं ऑपरेशन असो की दाताचं, भूल द्यायच्या आधी हे डॉक्टरला दाखवायचं. फाइलमध्ये घातलं तर चवथीच्या साफसफाईत फाइल माळ्यावर जाते. मी कार्डाएवढं कापून आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्येच घालून देते, ते बाकी कुठेही जाताना बरोबर असतं.